फोन नवा, घड्याळ अजून जुन्याचंच : स्मार्टवॉच जोडलं जात नाही तेव्हा

"नव्या फोनमध्ये सगळं आलं, फोटो आले, व्हॉट्सॲप आलं, घड्याळ तेवढं जोडलं जात नाहीये." दिवाळीचे सेल संपले की पुढे महिनाभर ही तक्रार माझ्याकडे येत राहते. ओळखीपाळखीत 'याला मोबाइलमधलं कळतं' असा शिक्का एकदा बसला की लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी मनगट पुढे करतं. सांगणाऱ्यांचे शब्द वेगवेगळे, पण प्रकार मोजकेच. ॲपमध्ये गोल फिरत राहतो आणि घड्याळ सापडतच नाही. किंवा सापडतं, पण नावावर बोट ठेवलं की 'कनेक्शन फेल्ड'. किंवा जोडलं जातं, पावलंही दिसतात, मात्र कॉल आला की घड्याळ ढिम्म. आणि सगळ्यात वैताग आणणारा प्रकार म्हणजे रात्री जोडलं, सकाळी पुन्हा तुटलेलं.

अशा वेळी लोक नव्या फोनच्या मागे लागतात. तो बंद-चालू करतात, ॲप काढून परत टाकतात, शेवटी दुकानात जाऊन वाद घालतात. चोर सोडून संन्याशाला फाशी. माझं सांगणं असं की तपास जुन्या फोनपासून सुरू करा. घड्याळ नव्याकडे येत नाही, कारण जुन्याने त्याला अजून सोडलेलं नसतं.

तीन गाठी

फोन आणि घड्याळ यांच्यात तीन वेगवेगळ्या गाठी असतात आणि प्रत्येक गाठ वेगळ्या जागी सोडवावी लागते. एक सोडवली की काम झालं असं वाटतं आणि घोडं तिथेच पेंड खातं.

पहिली गाठ ब्लूटूथची. पहिल्यांदा पेअर करताना फोन आणि घड्याळ आपसांत एक गुप्त किल्ली ठरवतात आणि दोघंही ती जपून ठेवतात. म्हणून पुढच्या वेळी ती जवळ आली की न विचारता जोडली जातात. अँड्रॉइडवर एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये सगळं क्लोन केलं, म्हणजे जसंच्या तसं उतरवलं, तर ॲप येतं, कधी कधी ॲपमधली घड्याळाची नोंदही येते, ही किल्ली मात्र सहसा येत नाही. मग नव्या फोनवरचं ॲप घड्याळाचं नाव दाखवत नुसतं 'कनेक्टिंग' म्हणत बसतं. तिथे वाट बघण्यात अर्थ नसतो. ती नोंद ॲपमधून काढून घड्याळ नव्याने जोडावं लागतं.

दुसरी गाठ चालू जोडणीची. बजेटमधली बहुतेक घड्याळं एका वेळी एकाच फोनशी बोलतात. कुणाशी जोडलेली नसतात तेव्हा ती 'मी इथे आहे' अशी हाळी सतत देत राहतात आणि ती ऐकूनच फोन त्यांना शोधतो. एकदा जोडली गेली की हाळी बंद. त्यामुळे घड्याळ जुन्या फोनला चिकटलेलं असताना नव्यावर कितीही शोधा, लिस्टमध्ये नाव येणार नाही. 'घड्याळ दिसतच नाही' या तक्रारीचं मूळ बहुतांशी इथे असतं.

तिसरी गाठ खात्याची. शाओमीचे बँड, ॲमेझफिटची घड्याळं आणि अशा इतर काही कंपन्यांच्या वस्तू तुमच्या नावावर कंपनीच्या सर्व्हरवर नोंदवल्या जातात. फोन फॉरमॅट करा, ॲप उडवा, ती नोंद जागची हलत नाही. नवीन खात्यातून जोडायला गेलं की 'हे उपकरण दुसऱ्या खात्याशी जोडलेलं आहे' अशा अर्थाचा संदेश येतो. तो आला तर एक बरं समजा, कारण निदान रोग तरी कळला.

जुना फोन घरातच असतो

मावशीच्या घड्याळाचा किस्सा सांगतो, कारण अगदी असाच प्रकार मी बऱ्याच घरांत पाहिला आहे. तिने फोन बदलला, दुकानातल्या मुलाने घड्याळ जोडून दिलं, घरी आल्यावर ते तुटलं. पुन्हा दुकान, पुन्हा चालू, घरी आल्यावर पुन्हा तेच.

"अरे, त्याच्या हातात चालतं बघ. माझ्या घरात आलं की बंद."

दुकानात चालतं आणि घरी चालत नाही, याचा अर्थ बिघाड घड्याळात नाही, घरात आहे.

"मावशी, जुना फोन कुठंय?"

"तो कशाला? सिम काढलंय त्यातलं कधीच. नातू गेम खेळतो त्याच्यावर."

फोन हातात घेऊन वरची पट्टी खाली ओढली. ब्लूटूथचं चिन्ह निळं, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात तिच्याच घड्याळाचं नाव. ब्लूटूथला सिमशी काही देणंघेणं नसतं. वायफायही लागत नाही. फोन चालू आहे, ब्लूटूथ चालू आहे आणि घड्याळ दहा मीटरच्या आत आलं, एवढं पुरतं. दुकानात जुना फोन जवळ नव्हता म्हणून घड्याळ नव्याकडे गेलं. घरात पाऊल टाकलं, नव्याची जोडणी क्षणभर तुटली की जुन्याने ते ओढून घेतलं. जुना फोन पोरांच्या हातात असो, कपाटात चार्जिंगला असो किंवा 'लागेल कधीतरी' म्हणून टीव्हीमागे ठेवलेला असो, आधी तो शोधा.

सापडल्यावर घाईघाईने ॲप उडवू नका. क्रम महत्त्वाचा आहे. आधी जुन्या फोनवर इंटरनेट चालू करून ॲप उघडा आणि घड्याळाचा डेटा शेवटचा एकदा सिंक करा, म्हणजे ॲपमध्ये उतरवून घ्या. बरीच घड्याळं ॲपमधून सोडवली की स्वतःची आठवण पुसून टाकतात, त्यामुळे सिंक न झालेली पावलं आणि झोप तिथेच संपते. मग ॲपमध्ये घड्याळाच्या पानावर अगदी तळाशी जा. तिथे 'अनबाइंड', 'अनपेअर' किंवा 'रिमूव्ह डिव्हाइस' यांपैकी काहीतरी असतं. हे करताना घड्याळ जवळ असावं आणि इंटरनेट चालू असावं, म्हणजे सर्व्हरवरची नोंदही निघते. त्यानंतर फोनच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथच्या यादीत जाऊन त्या घड्याळाच्या नावासमोरचं 'फर्गेट' दाबा. कॉलिंगचं घड्याळ असेल तर एकाच नावाच्या दोन नोंदी दिसू शकतात, दोन्ही काढा. ॲप सगळ्यात शेवटी काढा. ते आधी उडवलं तर अनबाइंड करायचं दारच बंद होतं आणि त्यासाठी ते परत टाकावं लागतं.

खातं कोणतं होतं?

इथे लोकांचा खूप वेळ जातो. 'मी तोच ईमेल टाकला, तरी माझा डेटा दिसत नाही,' असं सांगतात. थोडं खोदून विचारलं की कळतं, जुन्या फोनवर गूगलच्या बटणाने आत शिरले होते आणि नव्यावर मोबाइल नंबर टाकून ओटीपीने शिरले. ॲपच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसं. घड्याळ पहिल्याच्या नावावर, म्हणून दुसऱ्याला नकार. जुन्या फोनवर ॲपच्या प्रोफाइलमध्ये जाऊन कोणत्या मार्गाने लॉगिन झालं होतं ते बघून घ्या आणि नव्यावर त्याच मार्गाने आत जा. खातं तेच असलं तर बऱ्याचदा सोडवण्याची भानगडच उरत नाही.

शाओमीच्या बाबतीत आणखी एक गोंधळ होतो. जुनं मी फिट 2022 मध्ये झेप लाइफ झालं. शाओमी वेअरचं मी फिटनेस झालं. आणि झेप हे आणखी तिसरंच ॲप, ते ॲमेझफिटचं. जुना बँड यांतल्या एका ॲपला दिसतो, दुसऱ्याला दिसतच नाही. 'मी फिट' असं शोधून जे पहिलं सापडेल ते टाकलं की फसलात. जुन्या फोनवर त्या ॲपचं चिन्ह कसं होतं ते बघून तेच घ्या.

स्वस्तातल्या घड्याळांच्या काही ॲपमध्ये लॉगिन न करताच पुढे जाता येतं. 'स्किप' दाबून दोन वर्षं वापरलं असेल तर इतिहास जुन्या फोनच्या पोटात आहे आणि दुसरीकडे कुठेही नाही. तो महत्त्वाचा असेल तर जुना फोन फॉरमॅट करण्याआधी त्याच ॲपमध्ये खातं उघडता येतं का ते बघा. खूप लोकांना हे कळतं तेव्हा फोन एक्सचेंजमध्ये गेलेला असतो.

जुना फोन हातातून गेलाय

एक्सचेंज झाला, चोरीला गेला, पाण्यात पडून मेला. अशा वेळी ब्लूटूथची गाठ घड्याळाच्या बाजूने तोडावी लागते. घड्याळाच्या सेटिंगमध्ये 'सिस्टम'च्या आत 'रिसेट' किंवा 'फॅक्टरी रिसेट' असतं. ते केलं की घड्याळ आपल्याकडची किल्ली टाकून देतं आणि पुन्हा हाळी द्यायला लागतं. घड्याळ भलतीच वेळ दाखवू लागलं तर घाबरू नका. बरीचशी घड्याळं वेळ फोनकडूनच घेतात, त्यामुळे जोडलं जाण्याआधी तिथे काहीही दिसू शकतं. उलट हा चांगला खुणेचा दगड आहे. नव्या फोनला जोडल्यावर वेळ आपोआप बरोबर झाली, म्हणजे घड्याळ आणि ॲप यांचं बोलणं सुरू झालं.

खात्याची गाठ रिसेटने सुटेलच असं नाही. तिला जुन्या खात्याचा पासवर्ड हवा. 'फर्गॉट पासवर्ड' करून जुन्या ईमेलवर किंवा नंबरवर कोड मागवा, नव्या फोनवर त्याच खात्याने आत जा, आणि खातं बदलायचंच असेल तर तिथून घड्याळ सोडवा. घड्याळ कुणाकडून सेकंडहँड घेतलं असेल तर पैसे देण्याआधी, विकणारा समोर असतानाच, त्याच्या ॲपमधून ते काढायला लावा. नंतर त्याला फोन करत बसावं लागतं आणि तो उचलत नाही.

आता नवा फोन

बजेट घड्याळांचा एक नियम: फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमधून ती जोडायची नाहीत. कानातले इअरबड्स आपण तसे जोडतो, म्हणून सवयीने बोट तिकडे जातं. तिथे 'पेअर्ड' दिसतं, लोक खूश होतात आणि ॲप मात्र म्हणतं घड्याळ सापडलं नाही. तसं झालं असेल तर सेटिंगमधून 'फर्गेट' करा, ब्लूटूथ बंद करून चालू करा आणि ॲपमध्ये जाऊन 'ॲड डिव्हाइस'ने सुरुवात करा.

ॲप कोणतं, हे घड्याळाच्या खोक्यावर किंवा घड्याळाच्या सेटिंगमधल्या क्यूआर कोडमध्ये असतं. नॉइजसाठी नॉइजफिट, कित्येक बिननावाच्या घड्याळांसाठी दा फिट, असं. प्ले स्टोअरवर सारख्या दिसणाऱ्या नावांची गर्दी आहे आणि चुकीचं ॲप हात चोळत बसतं, कारण त्याला ते मॉडेल ओळखताच येत नाही. आधी प्रयोग म्हणून दोन-तीन ॲप टाकून पाहिली असतील तर बाकीची काढून टाका. एकाच घड्याळासाठी दोन ॲप भांडत असतील तर दोन्हींचं कनेक्शन तुटत राहतं.

मग परमिशन. अँड्रॉइड 11 आणि त्याआधीच्या फोनवर आजूबाजूची ब्लूटूथ उपकरणं शोधण्यासाठी ॲपला लोकेशनची परवानगी लागायची, आणि वरच्या पट्टीतलं लोकेशनचं बटणही चालू असावं लागायचं. घड्याळ जोडायला माझा पत्ता कशाला, असा प्रश्न रास्त आहे. कारण असं की आसपासच्या ब्लूटूथ उपकरणांवरून माणूस कुठे आहे याचा अंदाज बांधता येतो, म्हणून गूगलने तो शोध लोकेशनच्या कुलपाखाली ठेवला होता. 2021 च्या अँड्रॉइड 12 पासून 'नियरबाय डिव्हायसेस' अशी वेगळी परवानगी आली. नव्या फोनवर ॲप पहिल्यांदा उघडताना एकामागून एक खिडक्या येतात आणि आपण वैतागून 'डोन्ट अलाऊ' दाबतो. त्यातच ही गेलेली असते. सेटिंगमध्ये ॲपच्या नावावर जाऊन परमिशनमध्ये ती चालू करा. तरीही काही ॲप लोकेशन मागतात. जोडणी होईपर्यंत द्या, नंतर काढून बघा. चालण्याचा मार्ग नकाशावर नको असेल तर बहुतेकांचं त्यावाचून अडत नाही.

घरात नवरा-बायकोची एकाच मॉडेलची घड्याळं असतील, ऑफरमध्ये जोडीने घेतलेली, तर लिस्टमध्ये एकच नाव दोनदा येतं. घड्याळाच्या सेटिंगमध्ये 'अबाउट'खाली एक लांबलचक पत्ता असतो, दोन-दोन अक्षरांचे सहा गट. त्याचे शेवटचे चार आकडे-अक्षरं लिस्टमधल्या नावाशी जुळवा. आधी दुसरं घड्याळ चार्जरवर लावून शेजारच्या खोलीत ठेवलं तर ते जुळवण्याचीही गरज पडत नाही, ॲप बहुधा जवळचं नाव वर दाखवतं.

पावलं येतात, कॉल येत नाहीत

हा प्रकार खास ब्लूटूथ कॉलिंगच्या घड्याळांचा. यांच्यात ब्लूटूथच्या दोन जोडण्या असतात. पावलं, झोप, नोटिफिकेशन यांसाठी कमी वीज खाणारी एक, आणि आवाजासाठी इअरबड्ससारखी दुसरी. पहिली ॲप करून देतं. दुसरीसाठी फोनवर वेगळी विचारणा येते आणि ती नेमकी आपण दुसरीकडे बघत असताना येऊन निघून जाते. मग मजेदार दृश्य दिसतं: पावलं नव्या फोनवर दिसतायत आणि घड्याळ वाजतंय मात्र जुन्या फोनवर आलेल्या कॉलला.

फोनच्या ब्लूटूथ यादीत बघा. घड्याळाच्या नावाची आवाजाची नोंद दिसते का? काहींच्या नावापुढे 'कॉल' किंवा 'ऑडिओ' असं शेपूट असतं. नसेल तर घड्याळाच्या डायलरमध्ये किंवा सेटिंगमध्ये कॉलिंगचं बटण बंद करून चालू करा आणि फोनवर येणारी विचारणा स्वीकारा. त्याच खिडकीत काँटॅक्ट आणि कॉल लॉग वापरू द्यायची खूणही करा, नाहीतर आईचा कॉल आला तरी घड्याळावर नुसता नंबर येतो.

याच्या उलटही होतं. फोन कानाला लावला आणि समोरच्याचा आवाज मनगटातून, बसमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. ते नको असेल तर त्या नोंदीच्या सेटिंगमध्ये फक्त 'कॉल्स'चं बटण बंद करा. बाकी सगळं चालू राहतं.

नोटिफिकेशन येत नाहीत

घड्याळावर चंद्राचं चिन्ह दिसतंय का ते आधी बघा. तसं असेल तर घड्याळ 'डू नॉट डिस्टर्ब'वर आहे, बाकी काही बिघडलेलं नाही.

ते नसेल तर फोनमध्ये 'नोटिफिकेशन ॲक्सेस' ही वेगळी परवानगी शोधा. नेहमीच्या परमिशनच्या यादीत ती नसते, 'स्पेशल ॲप ॲक्सेस'च्या आत असते. घड्याळाच्या ॲपसमोरचं बटण चालू दिसत असलं तरी एकदा बंद करून पुन्हा चालू करा. अपडेटनंतर ते नुसतं चालू दिसतं आणि काम करत नाही, असं होतं. मग घड्याळाच्या ॲपमध्ये जाऊन व्हॉट्सॲप, मेसेज वगैरे एकेक निवडा. फोन बदलल्यावर ही निवड बहुधा पुसली जाते.

ते बटण राखाडी असून दाबताच येत नसेल तर कारण वेगळं आहे. 2022 च्या अँड्रॉइड 13 पासून, प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकलेल्या ॲपला ही परवानगी सहज मिळत नाही. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल किंवा एखाद्या साइटवरून उतरवलेली फाइल टाकली असेल तर तुम्ही त्यात आलात. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे ते ॲप काढून प्ले स्टोअरवरून घेणं. ते शक्यच नसेल आणि फाइल कंपनीच्याच साइटवरची असेल, तर ॲपच्या माहितीच्या पानावर उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत 'अलाऊ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज' मिळतं. आधी एकदा ते राखाडी बटण दाबून नकार घेतला की मगच बहुधा तो पर्याय दिसतो. मुद्दाम अवघड ठेवलं आहे, आणि योग्यच आहे. ही परवानगी मिळालेलं ॲप तुमचे बँकेचे ओटीपीही वाचू शकतं. अनोळखी ठिकाणच्या फाइलला ती देऊ नका, घड्याळावर मेसेज नाही आले तरी चालतील.

नोटिफिकेशन येतंय पण मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसतायत? जोडणी उत्तम आहे. त्या घड्याळात देवनागरी फाँट नाही, एवढंच. फर्मवेअरच्या, म्हणजे घड्याळाच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या, अपडेटमध्ये कधी तो मिळतो, कधी मिळत नाही.

रात्री जोडलं, सकाळी तुटलं

इथे मात्र दोष नव्या फोनचा, आणि तोही बॅटरी वाचवण्याच्या हौसेचा. तुम्ही ॲप मिटवलं, स्क्रीन बंद झाली की फोन मागे चालणारी ॲप एकेक करून मारतो. घड्याळाचं ॲप मेलं की जोडणी गेली. सकाळी ॲप उघडल्यावर पाच सेकंदांत परत जोडलं जातं, ही याची अचूक खूण.

प्रत्येक कंपनीने या सेटिंगला वेगळं नाव दिलंय. शाओमी, रेडमी, पोकोमध्ये ॲपच्या माहितीत 'ऑटोस्टार्ट' चालू करा आणि बॅटरी सेव्हरमध्ये 'नो रिस्ट्रिक्शन्स' निवडा. ओप्पो आणि रियलमीत 'ऑटो लाँच' आणि 'बॅकग्राउंड ॲक्टिव्हिटी' दोन्ही सुरू ठेवा. सॅमसंगमध्ये बॅटरीत 'अनरिस्ट्रिक्टेड', शिवाय ॲपला 'नेव्हर स्लीपिंग' यादीत टाका. याशिवाय अलीकडच्या ॲपच्या पडद्यावर, जिथून आपण बोटाने ॲप वर ढकलून काढतो, बऱ्याच फोनमध्ये कुलपाचं चिन्ह मिळतं. घड्याळाच्या ॲपला ते लावा. घरातल्या कुणाला येताजाता 'सगळं क्लिअर' दाबायची सवय असेल, आणि असतेच, तर त्यातून ते वाचतं.

काही महिने एखादं ॲप उघडलं नाही तर त्याच्या परवानग्या काढून घेण्याची सोयही अँड्रॉइडमध्ये आहे. घड्याळाचं ॲप आपण क्वचितच उघडतो, त्यामुळे ॲपच्या माहितीच्या तळाशी असलेलं ते बटण बंद केलेलं बरं.

महागड्या घड्याळांचं

गूगलच्या वेअर ओएस या घड्याळांसाठीच्या प्रणालीवर चालणारं घड्याळ, म्हणजे सॅमसंगचं गॅलेक्सी वॉच 4 किंवा नंतरचं, पिक्सेल वॉच वगैरे, पूर्वी नव्या फोनवर न्यायचं म्हणजे फॅक्टरी रिसेट करावंच लागे. 2023 च्या वेअर ओएस 4 पासून रिसेट न करता ते हलवायची सोय आली. घड्याळ अपडेट केलेलं असेल तर त्याच्याच सेटिंगमध्ये 'ट्रान्सफर टू न्यू फोन' शोधा. अँड्रॉइड सोडून आयफोन घेतलात तर ही गॅलेक्सी आणि पिक्सेल घड्याळं त्याला जोडलीच जात नाहीत. कितीही व्हिडिओ बघा, होणार नाही.

ॲपलचं घड्याळ याच्या उलट, अँड्रॉइडला लागत नाही. आयफोनवरून आयफोनवर नेताना दोन्ही फोन आणि घड्याळ जवळ ठेवा, नवा फोन सुरू केल्यावर वॉच ॲप स्वतःच विचारतं. न विचारल्यास जुन्या आयफोनवरून 'अनपेअर' करा, त्याच वेळी घड्याळाचा बॅकअप आपोआप घेतला जातो. थेट घड्याळावरून पुसलं तर ताजा बॅकअप मिळत नाही. सिम असलेलं मॉडेल असेल आणि हेच घड्याळ पुन्हा जोडायचं असेल तर प्लॅन 'कीप' करा. जुना फोन नसेल तर घड्याळ पुसता येतं, पण ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे मालकाच्या खात्याचं कुलूप, राहतं आणि पुढे ॲपल खात्याचा पासवर्ड लागतोच. भावाने अमेरिकेतून आणलेलं नवं घड्याळ जुन्या आयफोनला लागत नसेल तर आवृत्ती तपासा: ॲपलच्या घड्याळाची प्रणाली वॉचओएस 26 असेल तर तिला आयफोन 11 किंवा त्यानंतरचा फोन लागतो.

गार्मिन आणि फिटबिटचं सोपं आहे. इतिहास खात्यात असतो. जुन्या फोनवरून काढा, नव्यावर त्याच खात्याने शिरा, जोडा.

आयफोनला दुसऱ्या कंपनीचं साधं घड्याळ लावणाऱ्यांसाठी एक संदेश ओळखून ठेवा: 'पिअर रिमूव्हड पेअरिंग इन्फर्मेशन'. घड्याळ रिसेट झालं, त्याने किल्ली टाकली, आयफोनने मात्र जुनी जपून ठेवली, एवढाच त्याचा अर्थ. ब्लूटूथच्या यादीत जाऊन 'फर्गेट धिस डिव्हाइस' करा आणि ॲपमधून नव्याने जोडा. नंतर तिथेच घड्याळाच्या नावाशेजारच्या 'आय'वर दाबून 'शेअर सिस्टम नोटिफिकेशन्स' चालू करा. ते बंद असेल तर घड्याळाच्या ॲपमध्ये काहीही करा, मेसेज येत नाहीत.

तरीही नाहीच

आधी फोनच्या सेटिंगमध्ये 'रिसेट ऑप्शन्स'खालचं ब्लूटूथ रिसेट करा. बऱ्याच फोनमध्ये त्याच्याबरोबर वायफायचे साठवलेले पासवर्डही जातात, ते आधी लिहून घ्या. तरी काही झालं नाही तर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर तेच ॲप टाकून घड्याळ जोडा. तिथे लगेच जोडलं गेलं तर गडबड तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये आहे, घड्याळाला दोष देऊ नका. परत न्यायच्या आधी त्या फोनवरून ते रीतसर अनबाइंड करा, नाहीतर आता दोन जुने फोन झाले.

तीन-चार वर्षांच्या स्वस्त घड्याळाचं कधी कधी ॲपच नव्या फोनवर मिळत नाही. 'जुन्या अँड्रॉइडसाठी बनवलेलं' असं कारण येतं किंवा शोधून सापडतच नाही. कंपनीने ॲप अपडेट करणं सोडलं की प्ले स्टोअर ते नव्या फोनवाल्यांना दाखवणं बंद करतं. जुन्या फोनवर ते अजून चालत असेल तर घड्याळ आणि तो फोन यांची जोडी तशीच राहू द्या. इकडून तिकडून जुनी फाइल मिळवून टाकण्याच्या फंदात पडू नका.

दोन्ही फोनवर घड्याळ हाळीच देत नसेल, म्हणजे रिसेट करूनही कुठल्याच लिस्टमध्ये येत नसेल, तर आतलं ब्लूटूथ गेलं असण्याची शक्यता मोठी. वॉरंटी शिल्लक असेल तर दोन वेगवेगळ्या फोनवर घड्याळ सापडत नसल्याचा छोटा व्हिडिओ काढा, त्यात घड्याळावरचं रिसेटही दिसू द्या. काउंटरवर पहिला प्रश्न 'रिसेट करून बघितलं का?' हाच असतो. बिल ऑनलाइन खरेदीचं असेल तर ज्या खात्यातून ऑर्डर केली त्यातून उतरवून ठेवा. अनेकदा ती ऑर्डर मुलाच्या किंवा सुनेच्या खात्यावर असते.